वचन समजावू नका, वाचा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नाताळ जवळ आला की आपल्या पुरवणीत आमच्या समाजावर एक पान असतं. चर्चवरची रोषणाई, गव्हाणीचा देखावा, केक, लाल टोप्या घातलेली मुलं. ते पान मी जपून ठेवते, फोटो काढून पुण्याच्या नणंदेला पाठवते. पण वर्षाचे बाकीचे आठवडेही आम्ही ख्रिस्तीच असतो, आणि त्या आठवड्यांत आमच्या घरांतून जे चालतं ते आपल्या वाचकांपर्यंत कधी पोचत नाही. म्हणून हे पत्र लिहायला घेतलं. थोडं लांबेल. जागा असेल तर न कापता छापावं.

निमित्त असं झालं. आमच्या बिल्डिंगमध्ये नव्यानं राहायला आलेल्या वहिनींनी मला जिन्यात विचारलं, "काकू, दर गुरुवारी तुमच्या दाराशी दहा-बारा चपला असतात, पण ना भजनाचा आवाज येतो ना भाषणाचा. असतं काय तुमच्याकडे?" घरात जमून प्रार्थना म्हटलं की हल्ली लोकांच्या मनात नाना शंका येतात, हे मला माहीत आहे. वहिनींनी मनात न ठेवता सरळ विचारलं, ते मला फार आवडलं. त्यांना जे सांगितलं तेच इथं सविस्तर सांगते. आणि त्या ओघात आमच्याच मंडळीतल्या, म्हणजे आमच्या चर्चच्या समुदायातल्या, वडीलधाऱ्यांना आणि तिथल्या धर्मगुरूंना, आमच्या पाळकसाहेबांना, एक विनंतीही करायची आहे.

आम्ही जमतो. पवित्र शास्त्रातला, म्हणजे बायबलातला, एक लहानसा उतारा, फार तर दहा-पंधरा वचनं, मोठ्यानं वाचतो. गप्प बसतो. त्यातलं जे मनाला लागलं ते ज्याला बोलावंसं वाटेल तो बोलतो. मग प्रार्थना, शेवटी सगळ्यांनी मिळून प्रभूची प्रार्थना, आणि चहा. या सगळ्यात समजावून सांगणारा कोणी नसतो. मला जे म्हणायचं आहे ते सगळं या एका गोष्टीवर उभं आहे.

आम्ही मूळचे नगरकडचे. आता ते अहिल्यानगर झालं, आणि इंदूरकर म्हणून मला त्याचा आनंद आहे. कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशननं 1877 साली इंदुरात काम सुरू केलं, 1887 मध्ये इथलं ख्रिश्चन कॉलेज निघालं. पुढे मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर म्हणून आमचे आजोबा इकडे आले आणि इथलेच झाले. आमच्या घरी कौटुंबिक उपासना कधी चुकली नाही. रात्रीच्या जेवणाआधी वडील एक पूर्ण अध्याय वाचायचे, मग प्रार्थना, मग ताटं. त्यामुळे शास्त्र आमच्या कानावर भरपूर पडलेलं होतं. वंशावळ्यासुद्धा तोंडपाठ होत्या. पण एखाद्या वचनापाशी थांबून राहणं ठाऊक नव्हतं. ते आमच्या मंडळात आलं एका कॅथलिक सिस्टरांमुळे.

त्यांनी सांगितलं, ही रीत फार जुनी आहे. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टनं आपल्या मठांसाठी नियम लिहिले, त्यात अंगमेहनतीच्या कामाच्या जोडीनं रोज काही तास अशा प्रार्थनापूर्वक वाचनासाठी राखून ठेवले. बाराव्या शतकात फ्रान्समधल्या ग्रांद शार्त्रोझ मठाचे प्रमुख गीगो यांनी आपल्या एका मित्राला पत्र लिहून याच वाचनाच्या चार पायऱ्या सांगितल्या: वाचन, मनन, प्रार्थना आणि मग देवापाशी नुसतं असणं. त्यांनी दृष्टान्त जेवणाचा दिला आहे. वाचनानं घास तोंडात जातो, मननानं तो चावला जातो, प्रार्थनेत त्याची चव उतरते, आणि शेवटी उरते ती गोडीच. हे सगळं शतकानुशतकं मठांच्या भिंतींच्या आत राहिलं. 1965 साली व्हॅटिकन परिषदेनं, म्हणजे कॅथलिक धर्माध्यक्षांच्या सभेनं, सर्व भाविकांनी शास्त्र वाचावं आणि ते प्रार्थनेसह वाचावं असं आवर्जून सांगितलं, तेव्हा कॅथलिक घरांतूनही बायबल उघडू लागलं. पुढे दक्षिण आफ्रिकेतल्या लुमको नावाच्या संस्थेनं सामान्य माणसांच्या लहान गटांना जमेल अशी सात टप्प्यांची पद्धत बसवली. सिस्टर मुंबईकडच्या एका धर्मग्रामात, म्हणजे एका चर्चच्या हद्दीत, होत्या तेव्हा त्यांनी ती तिथल्या चाळींतून चालवलेली होती. आम्ही गुरुवारी करतो ती हीच.

"घरात कशाला? चर्च आहे की," असं आमच्यातलेच काही म्हणतात. चर्च आहे, रविवारची उपासना आहे, तिथला उपदेशही आम्हांला हवा आहे. पण बायबलात संत पौलानं कलस्सै गावच्या ख्रिस्ती लोकांना, कलस्सैकरांना, लिहिलेलं पत्र आहे, त्याचा शेवटचा अध्याय काढून पाहावा. नुंफा आणि तिच्या घरी जमणारी मंडळी यांना तो सलाम सांगतो, आणि लगेच पुढे, हे पत्र तुमच्यात वाचून झालं की दुसऱ्या गावच्या मंडळीतही वाचलं जाईल असं करा, म्हणून बजावतो. चर्चच्या इमारती खूप नंतरच्या. पहिली वाचनं कोणाच्या तरी ओसरीवरच झाली.

आमच्या मंडळात कोण असतं ते सांगते. परदेशीपुऱ्याकडून एक काका येतात, ते मिलमध्ये होते. एक नर्स आहे, तिची ड्यूटी बदलते तशी ती कधी येते, कधी नाही. दोन बहिणी शिलाईकाम करतात. कॉलेजात जाणारा माझा भाचा येतो. सिस्टर आहेत. आणि आमच्या सगळ्यांत वडील अशा आजी आहेत, त्यांना वाचता येत नाही.

आजींबद्दल दोन शब्द लिहायलाच हवेत. सुरुवातीला आम्हांला वाटायचं, वाचन असलेल्या प्रार्थनेत आजी नुसत्या बसून राहतील. झालं उलटं. उतारा पहिल्यांदा वाचून होतो तेव्हा आमच्यातल्या निम्म्या लोकांचं लक्ष पानं शोधण्यात, चष्मा पुसण्यात असतं. आजींचा सगळा जीव कानात असतो. तिसरा टप्पा असा असतो की ज्याला जो शब्द किंवा जी ओळ भिडली ती त्यानं नुसती उच्चारायची, सावकाश, दोन-तीनदा, मध्ये थोडं थांबून. त्यावर काही बोलायचं नाही. पहिला आवाज बहुतेक वेळा आजींचा असतो. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्तिसदनात आयुष्याची शेवटची कितीतरी वर्षं हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्ख्या बायबलाचं मराठी करण्यात घालवली, आणि ते छापण्याचं काम तिथल्याच मुलीबाळींनी केलं. शास्त्र साध्यातल्या साध्या बाईपर्यंत पोचावं हाच त्यांचा ध्यास होता. 1922 साली त्या गेल्या. आजींचा आवाज ऐकला की मला रमाबाईंचे कष्ट कशासाठी होते ते समोर दिसतं.

भाच्याचं वेगळं आहे. तो इंदूरचा मुलगा, शिक्षण सगळं इंग्रजी शाळेत, बाहेर बोलणं हिंदीत. मराठी बोलतो छान, पण वाचताना अडखळतो. म्हणून आम्ही उतारा एकदा मराठीतून आणि एकदा हिंदीतून वाचतो. हिंदी वाचन त्याच्याकडे असायचं. गेल्या पावसाळ्यात त्यानं आपणहून मराठी वाचायला मागितलं, बोट ठेवून वाचलं, आणि कोणी त्याला मध्ये सुधारलं नाही. इंदूरच्या मराठी घरांत पुढची पिढी मराठी वाचत नाही याबद्दल आपल्याकडे नेहमी पत्रं येतात. या वाटेनंही थोडं मराठी टिकतं आहे, एवढं नोंदवून पुढे जाते.

आता एका संध्याकाळचं सांगते, म्हणजे "समजावून सांगणारा नाही" याचा अर्थ वाचकांच्या लक्षात येईल. उतारा होता मत्तयानं लिहिलेल्या येशूच्या चरित्राच्या विसाव्या अध्यायातला, येशूनं सांगितलेल्या द्राक्षमळ्यातल्या मजुरांच्या गोष्टीचा. मळ्याचा धनी पहाटे बाजारात जातो, मजूर ठरवतो. पुन्हा नऊ वाजता जातो, दुपारी जातो, तिसऱ्या प्रहरी जातो, आणि दिवस मावळायला आला तरी पुन्हा जातो. तेव्हाही काही माणसं उभीच असतात. तुम्ही दिवसभर इथं रिकामे का उभे, असं तो विचारतो. ते म्हणतात, आम्हांला कोणी कामावर लावलं नाही. संध्याकाळी मजुरी वाटताना तो उशिरा आलेल्यांनाही पूर्ण दिवसाची मजुरी देतो, आणि सकाळपासून राबलेले कुरकुर करतात.

या दृष्टान्तावर मी आजवर कितीतरी उपदेश ऐकले. देवाची कृपा, यहुदी आणि विदेशी, शेवटले ते पहिले. सगळे बरोबर होते. त्या संध्याकाळी वाचन झालं, आणि शब्द उच्चारायच्या वेळी मिलवाले काका म्हणाले, "आम्हांला कोणी कामावर लावलं नाही." थांबले. पुन्हा तेच म्हणाले. तिसऱ्यांदा म्हणताना त्यांचा आवाज फुटला.

आम्ही गप्प राहिलो. आमच्यात ठरलेलंच आहे की अशा वेळी कोणी पाणी आणायला उठायचं नाही, पाठीवर हात ठेवून "असू दे हो" म्हणायचं नाही. पाच मिनिटांची शांतता असते ती पूर्ण होऊ द्यायची. मग बोलण्याची वेळ आली तेव्हा काका बोलले. मिल बंद झाली तेव्हा ते चाळिशीच्या आत होते. घरी सांगायची लाज वाटायची म्हणून डबा घेऊन निघायचे आणि चौराह्यावर जाऊन उभे राहायचे. ठेकेदार येऊन जवान पोरांना घेऊन जायचा. दुपारी कोपऱ्यावरच्या ओट्यावर बसून डबा खायचे आणि पाळी सुटायची ती वेळ झाली की घरी परतायचे. "लोक म्हणायचे, हा रिकामा बसतो. मी बसलो नव्हतो, मी उभा होतो," ते म्हणाले. "आणि आज मला कळलं, तो संध्याकाळीसुद्धा पुन्हा येऊन बघत होता, कोण उभं राहिलंय ते."

संपादक महाराज, त्या वाक्यावर कोणीही काहीही बोललं नाही. आमच्यात वर्षानुवर्षं शास्त्र शिकलेली माणसं बसली होती. एखाद्यानं तिथं त्या काळच्या मजुरीचा दर सांगितला असता, मूळ ग्रीक काय आहे ते सांगितलं असतं, तर माहिती मिळाली असती आणि काका पुन्हा कधी बोलले नसते. माझी विनंती तेवढ्यासाठी आहे. आमच्या मंडळीतल्या वडीलधाऱ्यांना अशा मंडळांची काळजी वाटते, जाणता माणूस नसेल तर लोक भलताच अर्थ लावतील म्हणतात, आणि एखाद्या चांगल्या वक्त्याला पाठवून देतात. काळजी खोटी नाही. पण वक्ता आला की सगळे श्रोते होतात. शिलाई करणाऱ्या बहिणी वही काढून टिपणं घेऊ लागतात, आजी पदर सावरून मागे सरकतात, आणि प्रार्थनेचा वर्ग होतो. अभ्यासासाठी दुसरा वार ठेवा, आम्ही आनंदानं येऊ. पाळकसाहेबांनी आमच्याकडेही जरूर यावं, मांडी घालून आमच्यासारखंच बसावं, आणि आपल्याला भिडलेला शब्द उच्चारून थांबावं. एकदा ते तसे आले होते. आजी आजही त्याची आठवण काढतात.

भलता अर्थ लागू नये म्हणून आम्हीही काही पथ्यं पाळतो. बोलायचं ते "मला" असं बोलायचं, "आपण सर्वांनी" किंवा "तुम्ही" नाही. ज्यांना "तुम्ही"ची सवय आहे त्यांना हे फार जड जातं. दुसऱ्याच्या बोलण्यावर सल्ला द्यायचा नाही. वचनाचा कोणावर दांडका चालवायचा नाही. सासू-सून दोघी एका खोलीत बसलेल्या असतात तिथं हे पथ्य किती मोलाचं आहे ते मी वाचकांना वेगळं सांगायला नको. इथं ऐकलेलं बाहेर न्यायचं नाही. आणि डोळे मिटून पुस्तक उघडायचं, बोट ठेवायचं, जिथं बोट पडलं तो देवाचा कौल मानायचा, हा प्रकार आम्ही मुळीच चालू देत नाही. म्हणूनच उतारा आधी ठरलेला असतो. येत्या रविवारी चर्चमध्ये शुभवर्तमानाचा, म्हणजे येशूच्या चरित्राचा, जो भाग वाचला जाणार असतो, तोच आम्ही गुरुवारी घेतो. आपल्या सोयीचं निवडायचा प्रश्नच उरत नाही. नको असलेलं वचनही समोर येतंच.

सहावा टप्पा असतो कामाचा. वाचलेल्या उताऱ्यावरून या आठवड्यात आपण काय करायचं, हे ठरवायचं. इथं मोठमोठे संकल्प चालत नाहीत. कोण, काय, कधी, एवढं पाहिजे. एकीनं छातीत गाठ लागते असं सांगितलं, प्रार्थना करा म्हणाली. प्रार्थना तर केलीच. पण आधी तपासणीचा दिवस ठरला, आणि नर्सताई तिच्यासोबत गेली. द्राक्षमळ्याच्या त्या संध्याकाळी शिलाईवाल्या धाकट्या बहिणीनं विचारलं, "आपल्याकडे कामाला येणाऱ्या मावशींचा खाडा आपण कापतो ना?" खोलीत जरा चुळबुळ झाली. मग ठरलं, आजारपणाचा आणि घरच्या अडचणीचा खाडा यापुढे कापायचा नाही. महिनाअखेरीस आमच्या घरातल्या मावशींनी पैसे दोनदा मोजले आणि जास्त आलेत म्हणून परत करायला लागल्या. त्यांना मी काही वचन वगैरे सांगितलं नाही. तुमचेच आहेत म्हटलं.

नर्सताईंची एक गोष्ट सांगते आणि आवरतं घेते. एका गुरुवारी त्या रात्रपाळी करून, दिवसा जेमतेम झोपून आल्या होत्या. उतारा लूकच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायातला. पेत्र नावाचा कोळी येशूला म्हणतो, सारी रात्र कष्ट करून आम्ही काही धरलं नाही, तरी आपल्या सांगण्यावरून मी जाळी सोडतो. त्यांनी फक्त "सारी रात्र" एवढेच दोन शब्द उच्चारले. बोलायच्या वेळी काही बोलल्या नाहीत. न बोलणं हेही आमच्यात पूर्ण बोलणं धरतात. प्रार्थनेच्या वेळी आजींनी त्यांच्यासाठी एकाच ओळीची प्रार्थना केली, "प्रभू, हिची रात्र तू बघितलीस." चहा पिऊन त्या पुन्हा ड्यूटीवर गेल्या. आदल्या रात्री वॉर्डात काय झालं होतं हे आम्ही कोणी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. आणि तरी त्या पुढच्या गुरुवारी सगळ्यांच्या आधी येऊन सतरंजी घालत होत्या.

आपल्या शहरात हरिपाठाची मंडळं आहेत, पारायणं आहेत, शिखांचे सुखमनीचे पाठ आहेत, मोहल्ल्यामोहल्ल्यात लोक जमून काही ना काही वाचतात. आपल्या पत्रात त्यांच्या वेळा छापून येतात, त्या वाचून लोक जातात. आमच्यासारखी लहान ख्रिस्ती मंडळंही इंदुरात आहेत, पण ती कुठल्या यादीत नसतात, म्हणून जिन्यात प्रश्न पडतात. वहिनींना मी म्हटलं, एकदा येऊन बसा, काही म्हणावं लागत नाही, काही घ्यावं लागत नाही. त्या आल्या. दाराजवळच्या खुर्चीवर बसल्या, पूर्ण वेळ बसल्या. जाताना म्हणाल्या, "आमच्याकडे पारायणात वाचायची घाई फार होते हो, अध्याय संपवायचे असतात." मी म्हटलं, आमच्याकडेही वडिलांच्या वेळी तसंच होतं.

तेव्हा आपल्याला दोन गोष्टी मागते. एक, शहरातल्या धार्मिक कार्यक्रमांची जी यादी आपण छापता, तिच्यात अशा वाचन-प्रार्थनेच्या मंडळांना, ज्यांची इच्छा असेल त्यांना, एक ओळ जागा द्यावी. दुसरी, येत्या नाताळच्या पानावर केक आणि रोषणाईच्या जोडीला एखाद्या घरातल्या साध्या गुरुवारचं वर्णन यावं. आपल्या प्रतिनिधीला पाठवावं, आमच्याकडे स्वागत आहे. फक्त वाचन चालू असताना फोटो काढू नयेत आणि फोन बाहेरच्या खोलीत ठेवावा. येणाऱ्या गुरुवारी लूकचा चोविसावा अध्याय आहे, अम्माऊस गावच्या वाटेवर पुन्हा उठलेला येशू दोन शिष्यांना भेटतो तो. साडेसहाला सुरू करतो.

कळावे, लोभ असावा.

आपली एक नियमित वाचक,
सुदामानगर, इंदूर